हिराबाईला दिलेलं विरजण

९ नोव्हेंबर १९८९

झाकण काढून चमचा आत घालणार, तेवढ्यात वि. मागून म्हणाला, "ते नको. ते उद्याचं." चमचा त्याने माझ्या हातातून घेतला. हळूच घेतला, पण घेतला.

भांड्याला बाहेरून पांढरी चिकटपट्टी. तिच्यावर त्याच्या अक्षरात क-७, खाली आजची तारीख. दुसरं भांडं पुढे केलं. क-७, कालची तारीख. "हे खा. सगळं."

खाल्लं. आंबट नाही, गोडही नाही. सुरीने कापता येईल इतकं घट्ट.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. माझ्या नवऱ्याने या घरात चहासुद्धा केलेला नाही. गेले सोळा दिवस दही तो लावतो. दुधात थर्मामीटर बुडवून बघतो, चमच्यावर उकळतं पाणी ओततो, भांडं जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवतो. मी स्वयंपाकघरात गेले की हात थांबवतो. कारण विचारलं तर म्हणाला, तुला दमायला होतं. दमायला मला पोळ्या करतानाही होतं. पोळ्या मीच करते.

खाली तळमजल्यावरचे म्हात्रे गेले, त्याचा आज सहावा दिवस. त्यांच्या बायकोचं, हिराबाईचं, रडणं जिन्यातून वर येतं. शब्द नाहीत, एकच सूर. कॉलेजातून येताना त्यांच्या दारावरून जावं लागतं. मान खाली घालून जाते.

१२ नोव्हेंबर

डॉक्टरांना सांगायला सोपं जावं म्हणून एकदा सलग लिहून ठेवते.

दोन वर्षं. पोटात कळ, दिवसातून पाच-सहा वेळा. तास अर्धवट टाकून बाहेर पळायचं. कल्याणच्या लॅबमध्ये तीनदा तपासणी, काही सापडलं नाही. पहाटे चारला जाग. मग भिंतीकडे तोंड. कुणाशी बोलावंसं वाटत नाही, जेवावंसं वाटत नाही. ठाण्याचे मनाचे डॉक्टर. त्यांच्या गोळ्यांनी कळ थांबली आणि शब्दही थांबले. वाक्याच्या मध्यावर उभी राहायचे, पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळायचं नाही. मराठी शिकवणाऱ्या बाईला ते परवडत नाही. मार्चमध्ये गोळ्या टाकून दिल्या. वि.ला सांगितलं.  

गेल्या वर्षी सहा महिने रजा. जूनपासून पुन्हा रुजू. प्राचार्य वर्गाच्या दारावरून जाताना रेंगाळतात. पुन्हा तास सुटू लागले तर या वेळी रजा नाही, राजीनामा. त्यांनी असं म्हटलेलं नाही. म्हणायची गरज नाही.

या आठवड्यात एकही तास सोडला नाही. मुद्दाम मोजलं. एकही नाही.

१५ नोव्हेंबर

वि. जेवताना माझ्याकडे बघतो. चेहऱ्याकडे नाही, वाटीकडे. वाटी रिकामी झाली की पाणी पितो.

"पोट?"

"ठीक."

"झोप?"

"तुला का रे एवढी चौकशी?"

"नवरा आहे मी."

नवरा तो एकोणीस वर्षं आहे. चौकशी या महिन्यापासूनची.

तो स्वतः दही खात नाही. आधी खायचा. विचारलं तर म्हणाला, कफ होतो.

१८ नोव्हेंबर

परवा म्हात्र्यांकडचा तेरावा झाला. आज संध्याकाळी दारात हिराबाई. हातात रिकामी वाटी. कपाळ कोरं, त्यामुळे क्षणभर ओळखलीच नाही.

ही बिल्डिंग उभी आहे ती म्हात्र्यांच्या भातशेतावर. त्या बदल्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांच्या. हिराबाई साठीची. आम्ही आलो तेव्हा पहिलं विरजण तिनेच दिलं होतं.

सुतकात त्यांनी घरातलं विरजण मोडलं. आता नवीन पाहिजे, आणि ते दुसऱ्या घरचंच पाहिजे. म्हणाली, "दे गो बाय चमचाभर. दिवा लागायच्या आत दे." दिवा लागल्यावर त्यांच्यात विरजण देतही नाहीत आणि घेतही नाहीत.

वि. घरी नव्हता. क-७ च्या भांड्यातून दोन चमचे दिले. तिने वाटी पदराखाली झाकून नेली, जशी नेतात तशी.

वि.ला सांगितलं नाही. लपवलं असं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही.

२३ नोव्हेंबर

सकाळी सहापर्यंत झोपले. जाग आली तेव्हा बाहेर उजेड. किती महिन्यांनी.

संध्याकाळी, वि. आल्यावर, दोरीवरचे कपडे काढताना काहीतरी गुणगुणत होते. लक्षात आलं तशी थांबले. कारण शोधलं. पत्र नाही, सुट्टी नाही, कुणी काही चांगलं बोललेलं नाही. हवा तीच, मानपाड्याच्या कारखान्यांकडून येणारी, औषधी कुबट. कारण सापडलं नाही.

मला कारण नसलेलं दुःख माहीत आहे. त्याची मी चौकशी केली नव्हती. कारण नसलेल्या आनंदाची करावीशी वाटते.

२४ नोव्हेंबर

द्वितीय वर्ष, विलापिका. आईच्या मृत्यूवरची कविता. वाचून झाल्यावर वर्ग गप्प. मी फळ्याकडे वळले आणि मला हलकं वाटत होतं. मला लाज वाटली, पण हलकीच. पोटातून आलेली नाही, डोक्याने आणलेली.

तास संपल्यावर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हल्ली तुम्ही बऱ्या दिसता." आभार मानले. घरी येईपर्यंत तेच वाक्य चाळत होते. दिसता.

२९ नोव्हेंबर

जिन्यात हसण्याचा आवाज. खालून. एकदा नाही, दोन-तीनदा. मोकळं, छातीतून येणारं. हिराबाई दारात बसून वाल सोलत होती आणि हसत होती. समोर तिची सून वनिता. ती हसत नव्हती.

मला बघून हिराबाई म्हणाली, "काय दही हाय गो तुजं. तीन वाट्या खाल्ल्या."

पंचवीस दिवस झाले तिचा नवरा जाऊन.

वर आले. स्वेटरमधलं भांडं काढून ओट्यावर ठेवलं आणि बराच वेळ बघत बसले. दही काही करत नव्हतं.

३ डिसेंबर, रविवार

वि. न्हाव्याकडे गेला तेव्हा त्याची कामाची पिशवी उघडली. यापूर्वी कधी उघडली नव्हती. छोटी वही. कंपनीतली असेल असं वाटलं. आधीच्या पानांवर आकडे, अंश, तास. मग एक पान: "न." न. म्हणजे मी, नलिनी.

न. दिवस ९. शौच २. झोप ५.
न. दिवस १४. शौच १. तास सोडला नाही.
न. दिवस १७. चिडचिड कमी. दह्याबद्दल विचारले. टाळले.
न. दिवस ३०. झोप ७. गुणगुणली (!)

कंसातलं उद्गारचिन्ह बघत राहिले. एकोणीस वर्षांत त्याने मला लिहिलेल्या एकाही पत्रात उद्गारचिन्ह नाही.

वि. आला तेव्हा वही टेबलावर उघडी होती. त्याने चपला काढल्या, बसला. मानेवर केसांचे तुकडे. नाकारलं नाही. मी विचारत गेले, तो सांगत गेला.

मानपाड्याच्या त्यांच्या कंपनीत पोटाच्या कॅप्सूल करतात, एवढं मला माहीत होतं. टाक्यांमध्ये दह्यातले जंतू वाढवायचे, वाळवायचे, भरायचे. तीन वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या साहेबांनी ठरवलं की नुसते निवडायचे नाहीत, घडवायचे. नेहमीचे जंतू पोटातल्या आम्लात मरतात. यांनी त्यांना किरणांखाली धरलं. लाखोंनी मेले. उरलेल्यांना आम्लात टाकलं, पित्तात टाकलं. त्यातूनही उरले ते पुन्हा किरणांखाली. असं कितीतरी वेळा. क म्हणजे त्यांची रांग, सात म्हणजे सातवी वाटी.

"वाटी?"

"काचेची बशी असते. आम्ही वाटी म्हणतो."

लॅबमधल्या तिघांनी खाऊन पाहिलं. तिघांची पोटं सुधारली. त्यात एक स्टोअरकीपर होता, टिटवाळ्याहून येणारा, कुणाशी न बोलणारा. तो बोलू लागला. घरी बायकोला सिनेमाला नेलं. साहेब म्हणाले योगायोग. वि.ला तो योगायोग वाटला नाही. पोट आणि मन यांच्यात काहीतरी ये-जा असते असं त्याचं म्हणणं. काय, ते त्याला सांगता येईना. मग दिवाळीच्या आधी वरून हुकूम आला, हे काम बंद, सगळ्या नळ्या वाफेच्या भट्टीत घालून मारा. मारल्या. एक सोडून. ती त्याच्या डब्याच्या पिशवीतून आमच्या स्वयंपाकघरात आली.

"म्हणजे आता हे फक्त आपल्या भांड्यात जिवंत आहे," तो म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खाल्लं असतंस?"

"नाही."

"मग."

"तू का खात नाहीस?"

"कुणीतरी तसंच राहायला हवं ना. बघायला."

हे तो साधेपणाने म्हणाला. तेच मला सहन झालं नाही.

हिराबाईचं सांगितलं नाही. आता मात्र लपवलं.

५ डिसेंबर

वि. कामावर गेल्यावर दोन्ही भांडी मोरीत पालथी केली. वरून उकळतं पाणी. पट्टी निघेना, नखाने खरवडून काढली. स्वेटर धुतला.

संध्याकाळी त्याने ओटा पाहिला, पिठाच्या डब्याशेजारची मोकळी जागा पाहिली. जेवला. झोपताना पाठ करून म्हणाला, "तीन वर्षं होती ती, नलू."

दीड महिना माझा होता. तोही मोरीत गेला. 

६ डिसेंबर

प्रश्न नीट मांडून ठेवते. दिवाळीपासून जी बाई वेळेवर उठली, तास पुरे केले, कपडे काढताना गुणगुणली, ती कोण? मी बरी झाले, की मला बरं केलं? आणि हा फरक कळ थांबल्यावर महत्त्वाचा राहतो का? काल असं विचारायला मी तयार नव्हते.

९ डिसेंबर

सकाळी कळ. एकच. नेहमीच्या जागी.

दह्याविना चौथा दिवस. की भीतीचा चौथा दिवस.

१४ डिसेंबर

तास सोडावा लागला. प्रथम वर्ष, व्याकरण, वीस मिनिटं झाली होती. परत आले तेव्हा अर्धा वर्ग गेलेला. उरलेल्यांना मी जा म्हटलं.

पहाट पुन्हा चारची.

वि. विचारत नाही. वही दिसत नाही. पण मी संडासातून आले की पेपर खाली करतो. न लिहिताही नोंद करता येते.

१९ डिसेंबर

आज वि. तळमजल्यावर थांबलेला दिसला. म्हात्र्यांच्या दारात, हातात भरलेला ताकाचा पेला, नाकाजवळ धरलेला. हा माणूस नऊ वर्षांत त्या दारात थांबलेला नाही. सांत्वनाला गेला तोही उभ्या-उभ्या.

वर आल्यावर म्हणाला, "खाली दही छान लावतात."

मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

"तू दिलंस ना त्यांना? कधी?"

सांगितलं. अठरा नोव्हेंबर. त्याचा चेहरा बघायला मी मान वर केली नसती तर बरं झालं असतं. इतका खूष तो आमच्या लग्नातही नव्हता. म्हणाला, न पिता, वासावरूनच ओळखलं. म्हणाला, म्हणजे महिनाभर टिकलंय, साध्या घरात, थर्मामीटरशिवाय. त्या बाईचं पोट कसं आहे, झोप कशी आहे, तुला विचारता येईल का?

"तिचा नवरा मेलाय, विनायक."

"हो. म्हणूनच."

२२ डिसेंबर

हिराबाईची नणंद कोपरहून आली होती. जिन्यात मला गाठलं. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तरी सांगा तिला, म्हणाली. भाऊ जाऊन दोन महिने नाहीत आणि ही पोटभर जेवते, ढाराढूर झोपते, दारात बसून खिदळते. लोक काय म्हणत असतील. वनिता मागे उभी. तिने हळू आवाजात भर घातली की सासूबाई परवा लाल काठाचं लुगडं काढून उन्हात घालत होत्या. नेसणार म्हणून नाही, नुसतंच.

नणंद म्हणाली, "माज्या भावासाठी रडायला कोन उरलं?"

उत्तर माझ्याकडे होतं. दोन चमचे, पदराखाली झाकून.

कुणाचं पोट बरं करणं वेगळं. कुणाचं रडणं न विचारता काढून घेणं वेगळं. वि.ने माझ्याशी जे केलं तेच मी हिराबाईशी केलं, तेही नकळत. नकळत म्हणून कमी होतं की जास्त, ठरवता येत नाही.

२६ डिसेंबर

नाताळची सुट्टी. घरात दोघं. दही नाही. दही या शब्दाला वळसा घालून चालतो.

वि.ला विचारलं, यात नुकसान काय होऊ शकतं? खरं सांग.

म्हणाला, माहीत नाही. मग म्हणाला, तिघांना काही झालं नाही. तुलाही. मग दिवा मालवताना, "माहीत असतं तर बंद केलं नसतं त्यांनी."

हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येतं. झोपेपर्यंत वाचलं.

२ जानेवारी १९९०

हिराबाईला सांगितलं.

दुपारी, वनिता नळावर गेलेली असताना. मोरीशेजारच्या पाटावर बसले. ती बोंबील निवडत होती. भिंतीवर म्हात्र्यांचा फोटो, हार अजून ताजा, म्हणजे रोज बदलते. वाक्य घरून तयार करून नेलं होतं, ते मोडलं. म्हटलं, मी तुम्हाला दिलं ते नुसतं विरजण नव्हतं. त्यात यांच्या कंपनीतलं औषध होतं, पोटाचं, आणि मनाचंही असेल. मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला रडू येत नसेल तर त्याने येत नसेल.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "मंग तुजं पोट बरं झालं?"

"झालं होतं."

"होतं म्हंजे?"

"मी टाकून दिलं ते दही."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, वेडीकडे बघावं तसं. "टाकलंस? कशाला गो?"

ते मला तिला सांगता आलं नाही. माझी नवऱ्याने फसवणूक केली म्हणून, असं म्हणाले असते तर ती हसली असती.

हात धुऊन तिने फोटोकडे न बघता सांगितलं. चाळीस वर्षं तिने जेवताना एक कान दाराकडे ठेवला. तो पिऊन येईल, ताट उडवेल, म्हणून. घास चावायच्या आधी गिळायची. पोटात गोळा उठायचा तो तेव्हापासूनचा. वरच्या मजल्यावर मला हे कधी ऐकू आलं नाही. आम्ही आलो तोवर तो म्हातारा झाला होता, नुसता खोकायचा.

"तेरा दिवस रडले. ते पन खरंच रडले. मंग पोटभर जेवले. माजं हसू तुज्या दह्याचं नाय." हात पदराला पुसून म्हणाली, "नि असलं तरी परत नाय देनार."

मी उठले. दारात तिने विचारलं, हे कुणाकुणाला देऊ नको ते सांग. मी म्हटलं, का, कुणाला दिलंत? तिने बोटांवर मोजलं. कोपरला लेकीकडे. वनिताच्या माहेरी. रेशनवाल्याची बायको. पाण्याच्या टाकीजवळची ती मद्रासीण, तिचं दही लागतच नव्हतं. आणि त्यांनी पुढे कुणाला दिलं ते तिला ठाऊक नाही. विरजण मागितलं तर नाही म्हणता येत नाही.

३ जानेवारी

कालपासून एक गोष्ट सुटत नाही. हिराबाई जे बोलली ते चाळीस वर्षांत कुणाला बोलली नव्हती. मग काल का बोलली? मोकळी झाली म्हणून. मोकळी कशाने झाली?

संशयाला शेवट नसतो. तो कुठल्याही वाक्याच्या पोटात शिरतो.

वि.ला एवढंच सांगितलं की पसरलंय. त्याने वही काढली. "कुठली कुठली घरं?"

सांगणार नाही म्हटलं. त्या बायकांच्या नावापुढे तो शौच आणि झोप लिहील, आणि उद्गारचिन्हं. तो चिडला नाही. वही मिटून म्हणाला, "तू लिहितेस ना सगळं? तेवढं पुरे."

म्हणजे त्याला ही वही माहीत आहे. वाचली आहे का? विचारलं नाही. मीही त्याची उघडली होती.

८ जानेवारी

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. चहा मागवला. तब्येतीची चौकशी, मग मुलांची परीक्षा, अभ्यासक्रम मागे पडतोय, एक तरुण मुलगी आहे, अर्धवेळ यायला तयार आहे. तुम्ही स्वतःवर अन्याय करू नका, म्हणाले. महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा.

चहा प्यायले नाही. प्यायले असते तर उठावं लागलं असतं.

९ जानेवारी

तीन तास. दोन सोडले. तिसरा बसून शिकवला. कविता वाचताना आवाज आला नाही. पोरं एकमेकांकडे बघत होती. त्या मुलीने, बऱ्या दिसता म्हणणारीने, माझं हजेरीपत्रक उचलून स्टाफरूमपर्यंत आणून दिलं. 

घरी येऊन भिंतीकडे तोंड. भिंतीला एक पोपडा आहे, दोन वर्षांपूर्वी होता तिथेच.

मला शिकवायचं आहे. बाकी सगळं खोडलं तर एवढं उरतं.

१० जानेवारी

वि. घरी यायच्या आत खाली गेले. वाटी घेतली होती. जिन्यात दोनदा परत फिरले. एकदा कळ आली म्हणून, एकदा नुसतीच. त्यात अंधारलं.

हिराबाई देवापुढची वात सारखी करत होती. दिवा लागलेला. वाटी पाहिली, ओळखली. 

"आता नाय गो. दिवा लागला."

म्हटलं, चमचाभर.

"सकाली." आणि मग, बहुधा माझा चेहरा बघून, "पलून नाय जात ते."

रिकामी वाटी घेऊन वर आले. एवढ्यासाठी अडवलं याचा राग आला. मग वाटलं, एक रात्र मिळाली. मग वाटलं, ही रात्रही मला हिनेच दिली, मी मागितली नव्हती. वि. आला. ओट्यावरची वाटी बघितली. ती कुठे जाऊन आली ते त्याला कळलं असावं. आमटी वाढली. जेवण झाल्यावर त्याने स्वतःचं ताट उचलून मोरीत नेलं. हे नवीन.

त्याला म्हटलं, लावलं तर मी लावीन. थर्मामीटर नाही. वही नाही. आणि दोघांनी खायचं.

"मी खाल्लं तर कळणार कसं?" तो म्हणाला.

"नाहीच कळणार."

तो उठून अंथरूण घालायला लागला. हो म्हणाला नाही.

११ जानेवारी

सातच्या आधी हिराबाई वर आली, वाटी पदराखाली. लाल काठाचं लुगडं. आत आली नाही, दारातूनच देऊन गेली. वि. दाढी करत होता. आरशातून बघत होता. दूध तापवलं, करंगळी बुडवून पाहिलं, दोन वाट्यांत लावलं. एक माझ्या जागेसमोर ठेवली, एक त्याच्या. थंडी आहे. लागायला संध्याकाळ होईल.